माळ्यावरची गरमी: कमी कशी करायची आणि कामाला कशी लावायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पत्र्याची, कौलांची आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कामं करतो, त्यामुळे होळी झाली की फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. सुरुवातीलाच सांगतो, गरमी आधी छपरावरच अडवायची, जी आत शिरेल ती वरच्या वर बाहेर काढायची आणि तरीही जी उरेल ती वाळवणाला वापरायची. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात, आधी पंखा विकत आणतात आणि मग मला फोन करतात.

१. माळा म्हणजे नक्की कुठला? आमचा तर टॉप फ्लोअरचा फ्लॅट आहे, आम्हाला हे लागू होतं का?

इथे माळा म्हणजे छपराच्या लगेच खालची जागा. कोकणातल्या कौलारू घराचा लाकडी माळा, पत्र्याच्या घरातला पोटमाळा, बंगल्याच्या गच्चीवर पत्रा टाकून केलेली खोली, सगळं आलं. टॉप फ्लोअरच्या फ्लॅटला माळा नसतो पण डोक्यावर स्लॅब तोच तापतो, त्यामुळे अर्धी उत्तरं तुम्हालाही चालतील, खास करून ३, ५ आणि १७. किचनमधल्या कप्प्याला आपण माळाच म्हणतो पण तो इथे धरलेला नाही.

२. बाहेर ४० असतं आणि माळ्यावर ५० च्या पुढे कसं जातं?

कारण माळा बाहेरच्या हवेने तापत नाही, छपराने तापतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला आणि नागपुरात शेवटच्या आठवड्यात तर सावली पायाखाली जाते, म्हणजे भिंतींना ऊन कमी आणि छपराला सगळं. तेव्हा एका चौरस मीटरवर जवळपास हजार वॅट ऊन पडतं. शंभर स्क्वेअर फुटाचा पत्रा धरला तर नऊ किलोवॅट, दोन किलोवॅटचे चार-साडेचार गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं. जुना गंजका पत्रा यातलं बरंच पिऊन टाकतो, साठ-सत्तर अंशांवर जातो आणि मग खाली सरळ डोक्यावर शेक सोडतो. म्हणून माळ्यावर पंखा लावला तरी टाळू भाजतच राहते, पंखा हवा हलवतो, वरून येणारा शेक त्याला अडवता येत नाही.

३. पत्र्याचा माळा रात्री नऊला गार होतो, आमचा स्लॅब मात्र अकरा वाजले तरी गरमच. स्लॅब खराब आहे का?

खराब काही नाही. पत्रा पातळ असतो, लगेच तापतो लगेच निवतो. काँक्रीट जाड, ते दिवसभर ऊन पिऊन ठेवतं आणि तीन-चार तास उशिरा खाली सोडायला लागतं, म्हणजे नेमकी तुमची झोपायची वेळ. त्यामुळे पत्र्याला दुपारचा इलाज लागतो आणि स्लॅबला सकाळचा, ऊन चढायच्या आधी सावली किंवा पांढरा रंग हवा. संध्याकाळी सहाला गच्चीवर बादल्या ओतून थोडं बरं वाटतं पण दिवसभर आत साठलेलं सगळं त्याने निघत नाही.

४. बजेट फार कमी आहे, एकच गोष्ट करायची तर काय करू?

छप्पर पांढरं करा. बाकी सगळं नंतर.

५. पांढरं करायचं तर साधा चुना की कूल रूफ पेंट?

भाड्याचं घर असेल किंवा या वर्षापुरतंच बघायचं असेल तर चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात पांढरा गोंद घालायचा, आणि दोन पातळ हात द्यायचे, एकच जाड हात दिला तर पोपडे निघतात. हाताला ग्लोव्हज आणि डोळ्याला गॉगल लावाच, चुना डोळ्यात गेला तर गंमत नाही. पहिल्या जोराच्या पावसात निम्मा धुऊन जाणार हे धरून चालायचं, आणि त्या वर्षी पन्हाळीचं पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या.

कूल रूफ पेंट महाग पण काही वर्षं टिकतं. यातही खरी मेहनत रंगाआधीची आहे, गच्ची घासून, शेवाळ काढून, भेगा भरून मगच रंग. आणि दरवर्षी मार्चमध्ये एकदा झाडू-पाणी मारायचं, कारण धूळ बसली की पांढरा रंग पांढरा राहत नाही आणि निम्मा फायदा तिथेच जातो. आपल्या जुन्या लोकांनी गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करून वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे चायना मोझॅक लावले ते उगाच नाही, खाली विटांचा जाड थर आणि वर पांढरं. तसं असेल तर फोडू नका, फक्त घासून स्वच्छ करा.

नवा चकचकीत पत्रा आहे म्हणून रंग नको असं कुणी सांगेल, ते पूर्ण खरं नाही. चकचकीत पत्रा ऊन परत फेकतो पण जेवढं पितो तेवढं सहज सोडत नाही, त्यामुळे तोही चांगला तापतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो.

६. हिरवी शेडनेट टाकली तर?

चालते, फक्त पत्र्याला चिकटवून अंथरू नका. अशी अंथरलेली नेट स्वतः तापते आणि पत्र्याला तापवते. फूट-दीड फूट वर, पाइपच्या किंवा बांबूच्या चौकटीवर ताणा, म्हणजे मधून वारा जातो. वळवाच्या वाऱ्यात नेट चौकटीसकट उडून शेजाऱ्याच्या अंगणात जाते, त्यामुळे चारी बाजूंनी बांधा आणि जूनमध्ये काढून ठेवा. उसाचं पाचट किंवा नारळाच्या झावळ्या टाकणारे पण आहेत, गार होतं हे खरं, पण उंदीर आणि आग या दोन गोष्टींसाठी घरावर मी नको म्हणतो. गोठ्यावर टाकलं तरी विजेची वायर लांब ठेवा.

७. पत्र्याखाली चंदेरी फॉइल लावलं, पैसे गेले, फरक काहीच नाही. असं का?

बहुतेक वेळा फॉइल पत्र्याला चिकटवलेलं असतं. फॉइलचं काम शेक परतवणं आहे आणि त्यासाठी चमकत्या बाजूसमोर किमान इंचभर मोकळी हवा लागते. चिकटवलं की ते नुसता पत्र्याचा अजून एक थर होतं. वाशांच्या खालच्या बाजूने ताणून लावा, चमकती बाजू खाली आली तरी काम करते, उलट वर ठेवलेल्या बाजूवर दोन वर्षांत धूळ बसते. आणि फॉइल आणि पत्रा यांच्यामधली गरम हवा आढ्याकडून बाहेर जायला वाट ठेवा (प्रश्न ९).

८. थर्मोकोलच्या शीट लावू का? स्वस्तात मिळतात.

गरमी अडवतात हे खरं, पण उघडं थर्मोकोल भराभर पेटतं आणि धूर वाईट असतो, शिवाय तापलेल्या पत्र्याला टेकलं तर मऊ पडून वाकतं. लावायचंच तर पत्र्यापासून लांब आणि खालून जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट बोर्डने पूर्ण झाकून, आणि आतून वायर ओढायची असेल तर कंड्युटमधूनच (वायरीसाठीचा पाइप). रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) महाग आहे, अंगाला खाजतं, पण जळत नाही. बेडरूम असेल तर मी रॉकवूल सांगतो. पीओपीचं नुसतं सीलिंग केलं तरी थोडा फरक पडतो, फक्त वरची पोकळी हवाबंद ठेवू नका.

९. एक्झॉस्ट फॅन बसवू की छपरावर गोल फिरणारा टर्बो?

आधी भोकं मोजा. गरम हवा वर जाते, आढ्याजवळून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून, वळचणीकडून, हवा यावी लागते. खालची वाट नसेल तर वर टर्बो बसवा नाहीतर हेलिकॉप्टर, काही होणार नाही. अंदाज म्हणून माळ्याच्या दर शंभर स्क्वेअर फुटाला पाऊण स्क्वेअर फूट मोकळी जागा, अर्धी वर अर्धी खाली. जाळी लावली की मोकळी जागा कमी होते म्हणून भोक थोडं मोठं ठेवा. जाळी मात्र लावाच, नाहीतर वटवाघळं येतात, आणि कोकणात इतरही पाहुणे येतात.

टर्बोला वीज लागत नाही, वाऱ्यावर आणि गरम हवेवर फिरतो, त्यामुळे वारा पडलेल्या दमट दुपारी तो जवळपास थांबलेला दिसेल. बेअरिंग खराब झालं की रात्री करकरतो. एक्झॉस्ट फॅन ठरल्या वेळी काम करतो पण त्याची एक गंमत आहे: माळ्याचा दरवाजा किंवा जिन्याची फट उघडी असेल आणि खाली एसी चालू असेल तर तो खालची गार हवा ओढून बाहेर फेकतो. बिल वाढलं म्हणून लोक एसी तपासतात, दोष जिन्याच्या फटीचा असतो.

कौलारू घराला बहुतेक वेळा यातलं काही लागत नाही. कौलांच्या फटीतून हवा आपोआप फिरते, म्हणूनच कौलाखाली बसवतं आणि पत्र्याखाली बसवत नाही. त्याच कौलांखाली प्लास्टिकचा कागद ताणून फटी बंद केल्या आणि माळा तापला अशी तक्रार मला दरवर्षी येते.

१०. छपरावर पाणी मारलं तर?

एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं, म्हणजे हिशोबाने जोरदार. पण वाफ व्हायला कोरडी हवा लागते. अकोला, नागपूर, चंद्रपूर इकडे गोणपाट ओलं करून पसरलं तर खरंच उतार पडतो, रत्नागिरी-मालवणात हवा आधीच ओली, तिथे फरक कमी. गोणपाट ओलसर ठेवायचं, गच्चीवर डबकं नाही, डबक्याने स्लॅबमध्ये ओल उतरते. आणि ज्या गावात एप्रिलपासून टँकर येतो तिथे हे विचारूच नका, पांढरा रंग लावा.

११. बरं, मग ही गरमी वापरायची कशी? खरंच काही उपयोग होतो की नुसतं सांगायला?

वाळवण. बाकी बहुतेक कल्पना ऐकायला बऱ्या वाटतात पण गरमी येते त्या महिन्यात आपल्याला गरम काही नकोच असतं, वाळवणाचा हंगाम तेवढा नेमका जुळतो. इलेक्ट्रिक ड्रायर ५० ते ६० अंशांवर चालतात, तुमचा माळा दुपारी बारा ते चार फुकटात तेवढाच असतो. वर सावली असल्यामुळे रंग उडत नाही, कावळे-कबुतरं नाहीत, धूळ कमी, आणि वळवाचा पाऊस आला तर धावत गच्चीवर जाऊन चादरी गोळा करायला नकोत.

फक्त लक्षात ठेवा, वाळवणातून निघालेलं पाणी हवेतच जातं. एक किलो मेथी वाळून शंभर ग्रॅमच्या आसपास राहते, म्हणजे जवळजवळ नऊशे मिली पाणी माळ्यात सुटलं. ते बाहेर गेलं नाही तर रात्री पत्रा गार झाला की थेंब होऊन परत तुमच्या मेथीवरच पडतं. म्हणून प्रश्न ९ मधल्या भोकांशिवाय वाळवण नाही.

१२. माळ्यावर काय वाळवावं आणि काय नको?

कसुरी मेथी, पुदिना, कडीपत्ता, गुलाबाच्या पाकळ्या, पातळ चिरलेली कैरी, लसूण, आल्याच्या चकत्या, हे सगळं उत्तम, आणि उन्हापेक्षा रंग चांगला राहतो. सांडगे, कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या पहिल्या दिवशी उन्हातच घाला, ओला चीक माळ्यावर ठेवला तर वरून कवच धरतो आणि आतून आंबतो. दुसऱ्या दिवसापासून माळा चालेल. आमसुलांचं पण तसंच, मिठाच्या रसाचे पुट देताना ऊन आणि शेवटचं सुकवणं माळ्यावर, खास करून मेअखेरीस आभाळ यायला लागलं की.

पसरायचं जमिनीवर नाही. बांबूच्या डाळीवर (चटईवर) किंवा चौकटीला नायलॉनची जाळी ताणून, खालून हवा लागेल असं, आणि वर एक पातळ सुती कापड. पत्र्यावरचा गंज, कोळ्याची जाळी, पालीची घाण हे सगळं वरूनच पडतं.

आंब्याची अढी माळ्यावर नको, एवढ्या गरमीत आंबा पिकत नाही, शिजतो. कांदा नको. बोंबील आणि सुकट वाळवायचे असतील तर तुमची मर्जी, घर तुमचं आहे.

१३. माळ्यावर मिरची ठेवली आणि खाली घरभर ठसका लागला. काय करायचं?

मिरची तापली की तिचा बारीक कण आणि वास हवेत येतो, आणि ही हवा वर बाहेर जायला जागा नसली की जिन्याने खाली उतरते, विशेषतः संध्याकाळी माळा निवायला लागला की. एका घरी पाहिलं, आजीबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून भाकरी थापत होत्या आणि वर वीस किलो बेडगी अंथरलेली, आढ्याचा झरोका पुठ्ठ्याने बंद. पुठ्ठा काढला, जिन्याच्या दाराला खाली गोधडी लावली, तासाभरात पदर खाली आला. देठ काढायचे किंवा मिरची हलवायची ती सकाळी, माळा थंड असताना, आणि घरात दमा असलेलं कुणी असेल तर मिरची सरळ गच्चीवर.

१४. धान्याला कीड लागली, ढेकूण झाले, माळ्याच्या गरमीने मरतील का?

सोंडे, पोरकिडे ५० च्या वर काही तास राहिले तर मरतात, पण धान्य बोटभर थरात पसरलं तरच. पोत्यात ठेवलं तर कीड मधल्या गार भागात सरकते आणि आरामात बसते. पेरणीचं बियाणं यासाठी कधीच वर नेऊ नका. साठवणीत दर पाच अंश वाढले की बियाण्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा हिशोब आहे.

ढेकणांचं तेच, चादरी आणि कपडे काळ्या पिशवीत सैल भरून दुपारभर ठेवले तर उपयोग होतो, जाड कापसाच्या गादीच्या पोटात मात्र गरमी पोचत नाही.

१५. माळ्यातून पाइप फिरवून आंघोळीचं पाणी गरम करता येईल का?

येतं. २०० लिटर पाणी दहा अंशांनी तापलं तर सुमारे २.३ युनिट वाचले. पण मे महिन्यात काळ्या टाकीतलं नळाचं पाणीच हात भाजेल असं येतं, अजून काय तापवायचं? ज्यांना रोज भरपूर गरम पाणी लागतं, खानावळ, गोठ्यातली भांडी धुणं, त्यांना परवडतं. घराला नाही. साधा सोलर हीटर छपरावर ठेवला तर बारा महिने चालतो, आणि पाइपाचं वजन आणि गळती माळ्यावर नको. थंडीसाठी विचारत असाल तर खालचा प्रश्न बघा.

१६. थंडीत माळ्याची ऊब खाली आणता येते का?

नाशिक, नागपूर, महाबळेश्वरकडून हे विचारतात. दुपारी एक ते चार माळा खालच्या खोलीपेक्षा गरम असतो, तेव्हा डक्ट आणि छोटा पंखा लावून हवा खाली सोडता येते. अडचण अशी की थंडी वाजते पहाटे आणि पत्रा तोपर्यंत बाहेरच्या हवेपेक्षाही गार झालेला असतो. त्यामुळे पंख्याला टायमर लावा नाहीतर रात्री उलटी थंडी खाली येईल. खर्च करण्यासारखं हे मला वाटत नाही. हां, डिसेंबरात इडलीचं पीठ किंवा दह्याचं भांडं दुपारी माळ्यावर ठेवणं मात्र झकास, ४० च्या आसपास विरजण छान लागतं. एप्रिलमध्ये हेच केलंत तर तासाभरात आंबट.

१७. सोसायटीत टॉप फ्लोअरला आहोत, गच्ची कॉमन आहे. काय करता येईल?

गच्चीवर काहीही करायला सोसायटीची लेखी परवानगी लागते, स्वतःच्या खर्चाने रंग मारायचा म्हटलं तरी. मीटिंगमध्ये हा विषय वॉटरप्रूफिंगबरोबर मांडा, "आम्हाला गरम होतं" म्हटलं की खालचे मजले मोबाइल बघायला लागतात, गळतीचं नाव काढलं की ऐकतात. सोलर पॅनलचा विषय असेल तर अजून सोपं. पॅनल छपराला सावली पण देतात. स्वतंत्र घर असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राची सबसिडी आहे. पॅनल आणि छप्पर यात वारा खेळेल एवढी जागा ठेवा, पॅनल २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. जुन्या पत्र्यावर आणि लाकडी वाशांवर बसवण्याआधी वजनाचं बघून घ्या.

१८. माळ्यावर काय ठेवू नये?

गॅस सिलिंडर, थिनर, सॅनिटायझर, उरलेले फटाके, डिओच्या बाटल्या (डब्यावरच ५० अंशांच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं). औषधं. इन्व्हर्टरची बॅटरी, दहा अंश वाढले की लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं आणि चार्जिंगला गॅस सुटतो तो वेगळाच. लग्नाचे अल्बम आणि कॅसेट. तांब्या-पितळेची भांडी खुशाल ठेवा.

१९. आमचे जुने सिमेंटचे पत्रे आहेत, घासून रंग देऊ?

घासू नका. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, कोरडं घासलं, कापलं, ड्रिल मारलं, प्रेशरने धुतलं की त्याचे तंतू हवेत येतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. धक्का न लावता खालून सीलिंग करा किंवा वरून वेगळ्या चौकटीवर शेडनेट टाका. आणि या पत्र्यावर पाय देऊन चढू नका, वाशांच्या रेषेवर आडवी फळी टाकूनच, दरवर्षी कुणीतरी खाली येतं. कुठल्याही छपराचं काम सकाळी नऊच्या आत.

२०. टेम्परेचर गनने पत्रा मोजला तर ३५ दाखवतो, हात लावला तर भाजतो. गन खोटी का?

चकचकीत धातूवर ही गन फसते, तिला पत्र्यापेक्षा आकाशाचं प्रतिबिंब जास्त दिसतं. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. रंग लावायच्या आधी आणि नंतर असं मोजलं तरच तुलना खरी.

२१. आम्ही न्यू जर्सीला असतो, इथला ॲटिक पण उन्हाळ्यात भट्टी होतो. हेच उपाय चालतील?

थोडेच. तिकडे माळा राहायचा नसतो आणि घर हिवाळ्यात तापवायचं असतं, म्हणून छपरापेक्षा माळ्याच्या जमिनीवर जाड इन्सुलेशन घालतात. आधी सीलिंगमधल्या फटी, लाइटची भोकं, वर चढायचं झाकण बंद करा, मग सेल्युलोज किंवा फायबरग्लास वाढवा, आणि वळचणीचे सॉफिट व्हेंट इन्सुलेशनने बुजणार नाहीत हे बघा. एसीच्या डक्ट ॲटिकमधून जात असतील तर त्यांचे जोड तपासा, तिथेच गार हवा गळते. पंख्याबद्दल प्रश्न ९ मधली गंमत तिकडे जास्त लागू आहे. आणि पापड वाळवायची हौस असेल तर गुलाबी फायबरग्लासच्या शेजारी नको, बाहेर डेकवर वाळवा.

२२. पावसाळा लागला की हे सगळं बंद करायचं का?

शेडनेट काढा, वाळवणाच्या जाळ्या धुऊन उभ्या ठेवा, पण हवेची भोकं बुजवू नका. फक्त पाऊस ज्या बाजूने मारतो तिथे तिरपी पत्र्याची झापड लावा. जुलैमध्ये माळा गरम नसतो पण ओला असतो, हवा थांबली की लाकडाला आणि गाद्यांना बुरशी धरते. पहाटे पत्र्याच्या आतून थेंब गळत असतील तर लगेच पत्रा फुटला म्हणून कारागीर बोलावू नका, आधी बघा की थेंब सगळीकडे सारखे आहेत की एकाच जागी. सगळीकडे असतील तर तो घाम आहे, हवा वाढवा. एकाच जागी, बोल्टखाली असतील तर वॉशर गेलाय, तो बदलून घ्या.